थ्रीडी टीव्ही : आज घेण्यात काही अर्थ आहे का?

खोलीदर्शी :
सॅमसंगने २०१६ मध्ये थ्रीडी टीव्ही बनवणं सोडलं, एलजी आणि सोनीने २०१७ मध्ये. तेव्हापासून "ते फॅड होतं, गेलं" हे ऐकून कान किटले. माझं मत वेगळं आहे. घरी थ्रीडी सिनेमे बघायची खरी हौस असेल, तर वापरलेला थ्रीडी टीव्ही जरूर शोधा. पण पॅसिव्ह आणि ४के, दुसरा कुठलाही नको.

कारण सांगतो. अ‍ॅक्टिव्ह प्रकारात पडद्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं आलटून पालटून येतात आणि चष्म्याच्या काचा त्याच तालावर उघडझाप करतात. प्रत्येक डोळ्याला पूर्ण चित्र मिळतं, पण चष्मा जड, त्यात बॅटरी, आणि काहींना लुकलुक जाणवते. पॅसिव्हमध्ये एकाआड एक ओळी डाव्या-उजव्या डोळ्यासाठी वेगळ्या पोलराइज्ड असतात, म्हणजे चष्म्याची प्रत्येक काच फक्त आपल्या डोळ्याच्या ओळींचा प्रकाश आत सोडते. चष्मा थिएटरसारखा साधा, हलका, बिनबॅटरीचा. मुख्य तोटा: फुल एचडी पडद्यावर प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला १०८० पैकी ५४० ओळीच येतात. ४के पडद्यावर हा प्रश्नच मिटतो, कारण त्यावर ओळी २१६०, त्यांच्या निम्म्या म्हणजे १०८०, आणि थ्रीडी ब्लू-रे (सिनेमाची डिस्क) तेवढ्याचीच असते. गंमत अशी की तंत्र नीट जमलं तेव्हाच ते बंद झालं. एलजीचे २०१६ चे ई६ आणि जी६ हे ओलेड (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असे) टीव्ही याच जातीचे.

सपाटच_बरा :
असहमत. टीव्ही मिळेल हो, पण त्यावर लावणार काय? ईएसपीएनचं थ्रीडी चॅनल २०१० मध्ये आलं आणि २०१३ मध्ये बंद पडलं. बीबीसीनेही त्याच वर्षी थ्रीडी कार्यक्रम थांबवले. ४के ब्लू-रेच्या मानकात थ्रीडी नाहीच. म्हणजे जुनी डिस्क, ती वाचणारा प्लेअर, वर इतक्या वर्षांचा ओलेड पॅनल, ज्यावर आधीच्या मालकाच्या न्यूज चॅनलचा लोगो कायमचा उमटलेला असू शकतो. हौसेला मोल नाही हे मान्य, पण हे जरा अतीच.

खोलीदर्शी :
लोगोचा मुद्दा बरोबर. पडदाभर एकच करडा रंग लावून तपासल्याशिवाय ओलेड घेऊच नये. डिस्कचं म्हणाल तर ज्याच्याकडे संग्रह आहे त्याच्यासाठीच मी बोलतोय. साध्या सिनेमाला थ्रीडी करून दाखवणारं बटण या टीव्हींवर असतं, त्याच्या भरवशावर कुणी घेऊ नये. चेहरे कागदी कटआउटसारखे दिसतात.

एकाक्ष :
तुम्ही दोघं यंत्राबद्दलच बोलताय. माझा एक डोळा लहानपणापासून आळशी आहे. चष्मा लावून मला थ्रीडी सपाट दिसतं, काढला की एकावर एक दोन चित्रं. घरात असा एकजण असला तरी बाकीचे थ्रीडी लावतात तेव्हा तो उठून जातो. आणि ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत त्यांचंही डोकं दुखतं, कारण नजर वळते चित्रातल्या वस्तूच्या अंतरावर आणि फोकस धरावा लागतो पडद्यावर. तो ताण ४के केल्याने जात नाही.

सपाटच_बरा :
+१. दुकानात पाच मिनिटांचा डेमो भारी वाटायचा, खरी परीक्षा दोन तासांची.

पांढरा_पडदा :
टीव्हीच का धरून बसलाय सगळे? डीएलपी प्रोजेक्टर (बारीक आरशांनी पडद्यावर चित्र पाडणारे) नवे मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत थ्रीडी अजून आहे. चष्मा अ‍ॅक्टिव्हच लागतो, पण डीएलपीचं चित्र इतक्या झटकन बदलतं की दुहेरी सावली जवळजवळ दिसत नाही. पडदा मोठा, त्यामुळे चित्राची खोलीही जास्त जाणवते. खोलीत अंधार मात्र हवाच, चष्म्याने आधीच निम्म्याहून जास्त उजेड खाल्लेला असतो.

खोलीदर्शी :
अंधार करता येत असेल तर प्रोजेक्टर, मान्य. दिवाणखान्यात ते जमत नाही म्हणून टीव्ही. एकाक्ष यांचं म्हणणं पटलं, घरातल्या सगळ्यांनी अख्खा सिनेमा बघून झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि पॅसिव्ह टीव्ही भिंतीवर उंच टांगू नका. नजर पडद्याच्या मध्यापासून फार खाली किंवा वर गेली की एका डोळ्याच्या ओळी दुसऱ्याला दिसू लागतात आणि कडांना सावल्या येतात. विकणाऱ्याकडे तो टीव्ही उंचावर असेल, तर खाली उतरवून मगच तपासा.