मॉस्कोत मुलांना आधी मेट्रो दाखवा
‘एवढ्या लहान मुलांना मॉस्कोत काय कळणार?’ या शंकेबद्दल: क्रेमलिन नाही कळलं तरी बिघडत नाही, मेट्रो बरोब्बर कळते! ७ वर्षांखालच्यांना तिकीटही नाही. पार्क पोबेदी स्थानक ८४ मीटर खोल; सरकत्या जिन्यावर तीनेक मिनिटं जातात. आमची लेक खाली पोचताच ‘परत वर जाऊ या’ म्हणून हटून बसली. प्लोशाद रेवोल्युत्सी स्थानकात काशाच्या कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक चोळायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी ते पिवळंधमक झालंय. मग अंतराळ संग्रहालयात बेल्का-स्त्रेल्का, १९६० साली अवकाशातून जिवंत परतलेल्या कुत्र्या. आता भुसा भरून ठेवल्यात, हे मुलांना आधीच सांगा (आमच्याकडे रडारड झाली). बाबागाडी घडीची, हलकीच न्या; भुयारी मार्गांना पायऱ्याच पायऱ्या.