मदत हवी आहे: ब्लोअर लावलेल्या ट्रकच्या इंजिनाला कुठले पिस्टन घ्यावेत?

होनिंगवाला (इंदूर):

मंडळी, नमस्कार. लोहामंडीजवळ माझं बोरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर मोठे करून घासून देण्याचं, छोटं वर्कशॉप आहे. तीस वर्षं ट्रकचे ब्लॉक फिरवतोय, पण सगळे डिझेलचे. पेट्रोल म्हणजे कधीतरी कोणाची हौसेची जुनी जीप, बास.

तर झालंय असं, भाचा टेक्सासला असतो. त्याच्याकडे २००३ ची शेवरोले सिल्वराडो २५०० आहे, सहा लिटरचं एलक्यू४ व्ही-८ इंजिन. बोटीचा ट्रेलर ओढतो. मागच्या वर्षी पठ्ठ्याने कंपनीच्याच पिस्टनवर सुपरचार्जर चढवला, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा ब्लोअर, आठ पीएसआय दाबाचा. उन्हाळ्यात चढावर ट्रेलर ओढताना सात नंबरच्या सिलिंडरने धूर सोडला. उघडलं तर वरच्या रिंगची लँड (पिस्टनवरच्या दोन रिंगांच्या खाचांमधली पट्टी) तुटलेली, पण पिस्टनच्या डोक्याला भोक नाही की काही नाही. फोटो पाहून मी म्हटलं, डिझेल वाढलं असणार. सवय!

आता ब्लॉक ४.०३० इंचाला बोअर करून नवे पिस्टन टाकायचेत, आणि मामाला विचारतोय. मला माहीत ते असं: आमच्या टर्बो डिझेलचा पिस्टन कास्टच (ओतीव) असतो, वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडी रिंग कॅरियर, खालून थंड करायला तेलाचा फवारा मारणारा ऑइल जेट, आणि सतराचं कॉम्प्रेशन वर्षानुवर्षं खातो. मग याला फोर्ज्डच (दाबून घडवलेला) कशाला? आणि फोर्ज्डमध्येही दोन मिश्रधातू सांगतात, ४०३२ आणि २६१८. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, म्हणजे क्लिअरन्स, एकाला दोन-अडीच थाउ (इंचाचा हजारावा भाग), दुसऱ्याला चार. चार थाउ? आमच्याकडे पेट्रोलचा ब्लॉक चार थाउ सोडून दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आणून उभा करेल.

अजून एक. तो म्हणतो, ९३ ऑक्टेन टाकतो. आपल्याकडे आता ई२० पेट्रोल ९५ चं सांगतात. म्हणजे त्याचं पेट्रोल आपल्यापेक्षा हलकं?

डेट्रॉइटकर:

काका, शेवटचं आधी. हलकं नाही. आपल्याकडचा आकडा रिसर्च ऑक्टेनचा, अमेरिकेतल्या पंपावरचा रिसर्च आणि मोटर या दोन्हींची सरासरी. तिथलं ९३ म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ९८.

डिझेलचा अनुभव इथे फसवतो, कारण डिझेलमध्ये सिलिंडरात आधी नुसती हवा दाबली जाते, इंधन शेवटी येतं. पेट्रोलमध्ये मिश्रण आधीपासून आत असतं. ब्लोअरने ते गच्च भरलं की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण फुटतं. तो ठोका कंपनीच्या पिस्टनला सोसत नाही. त्यात सिलिकॉन खूप, झीज कमी पण ठिसूळ. शिवाय एलक्यू४ ला पिस्टनखाली ऑइल जेट नाही.

पण तुमच्या फोटोवरून मला वेगळाच संशय आहे. रिंग गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट! गरम झाल्यावर रिंगची दोन टोकं भिडली की रिंगला फुगायला जागा उरत नाही, ती लँड उचलून तोडते. डोकं शाबूत आणि लँड तुटलेली, हे त्याचंच लक्षण वाटतं. नवीन सेट लावताना वरच्या रिंगला बोअरच्या प्रत्येक इंचामागे सहा थाउ धरा, म्हणजे ४.०३० ला २४ थाउ. दुसरीला त्याहून थोडं जास्त. पिस्टनबरोबर तक्ता येतो, तो वेगळं सांगत असेल तर तोच खरा.

आता धातू. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन, फुगतो कमी, म्हणून क्लिअरन्स कमी आणि सकाळी आवाज नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नाहीच, जास्त फुगतो, थंडीत खडखडतो, पण ठोका बसला तर तुटण्याआधी वाकतो. रोजचा ट्रक, आठ पीएसआय, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि ठिणगीचं टायमिंग जपून ठेवलं, तर ४०३२ पुरेल. भाचा पुढे जास्त दाबासाठी ब्लोअरची पुली छोटी करणार असेल तर २६१८ च. सगळे करतात, म्हणून विचारून घ्या.

कॉम्प्रेशन नऊला आणा. हेडमधली जागा ७१ सीसी, गास्केटची ११ धरली आणि पिस्टन वर आल्यावर डेकला (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाला) बरोबर येत असेल, तर पिस्टनच्या डोक्यात १२-१३ सीसीची डिश (खोलगटपणा) लागेल. सपाट डोक्याचे घेऊ देऊ नका. आणि कनेक्टिंग रॉड बघा: त्या सालच्या रॉडमध्ये गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) प्रेस-फिट, म्हणजे दाबून घट्ट बसवलेली असते. फ्लोटिंग (मोकळ्या फिरणाऱ्या) पिनचे पिस्टन घेतले तर रॉडला बुश लागेल, नाहीतर रॉडच नवे.

बडोदा_टर्नर:

एकच भर. क्लिअरन्स मोजताना पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या बाजूवर) मायक्रोमीटर कुठे लावायचा, ते पिस्टनच्या कागदावर दिलेलं असतं. भलत्या उंचीवर मोजलं की एक थाउचा फरक सहज पडतो आणि मग बोअरला दोष.

होनिंगवाला (इंदूर):

दोघांचे मनापासून आभार. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक फिरवू देऊ नकोस, हे त्याला आधीच बजावलंय; तेवढं तरी डिझेल-पेट्रोलला सारखं. रिंग गॅपचं विचारलं, तर म्हणाला, ब्लोअर लावताना इंजिन उघडलंच नव्हतं, गॅप कंपनीचाच होता. म्हणजे तुमचा संशय खरा दिसतोय.

मग पुलीचं विचारलं. फोनवर जरा वेळ शांतता. छोटी पुली घेऊन ठेवलीय, गॅरेजात खोक्यात पडलीय म्हणे. २६१८ सांगितले.