मुखवटा, सोंग की मास्क? कुबा राजदरबारातल्या 'मास्क'ला मराठीत काय म्हणायचं

शब्दवेडी:
एका प्रदर्शनाच्या माहितीपाट्या मराठीत करतेय आणि पहिल्याच पाटीवर अडकलेय. विषय आहे काँगोमधलं कुबा राज्य, कासाई आणि सांकुरू नद्यांच्या आसपासचा भाग, तिथल्या राजाला न्यिम म्हणतात. दरबाराचे तीन मुख्य मास्क आहेत. म्वाश अम्बोय हा मूळपुरुष वूट, म्हणजे पर्यायाने राजाच. न्गाडी अम्वाश ही त्याची बहीण आणि बायकोही. आणि ब्वूम हा भल्यामोठ्या कपाळाचा, कोणी त्याला सामान्य रयतेतला म्हणतं, कोणी राजपुत्र, कोणी जंगलात राहणाऱ्या त्वा जमातीचा माणूस. मी सगळीकडे 'कोरीव लाकडी मुखवटा' लिहून टाकलं तर तपासणाऱ्यांनी लाल खूण केली की मुखवटा म्हणजे खोटा चेहरा, वाचणाऱ्याला ढोंग वाटेल, 'मास्क'च ठेवा. मला मास्क अजिबात नकोय, २०२० पासून तो शब्द वाचला की नाकावरची निळी पट्टीच डोळ्यासमोर येते. दुसरी अडचण म्हणजे मूळ मजकुरात मास्क नाचतो असं आहे, माणूस नाचतो असं नाही. 'मुखवटा नाचतो' हे मला तरी मराठी वाटत नाही. काय करू?

तिसरीघंटा:
तपासणाऱ्यांचं चूक आहे. आमच्याकडे गौरी येतात तेव्हा आजी पितळी मुखवटे चिंचेने घासून पुसून धान्याच्या राशीवर बसवायची, त्यात खोटं काय आहे? खंडोबाचा मुखवटा पालखीत निघतो, लोक त्याच्याच पाया पडतात. 'मुखवटा गळून पडला', 'मुखवटा फाडला' हे वर्तमानपत्रांनी घासून घासून शब्दाचं वाटोळं केलंय आणि आता त्यांच्यामुळे आपण शब्द सोडायचा? मुखवटाच ठेवा.

जुनंपान:
क्रियापद बघा ना. गौरीचा मुखवटा आपण 'बसवतो'. माणूस मुखवटा 'चढवतो', आणि चढवला की मराठी माणसाला लबाडीच ऐकू येते. म्हणजे दोष शब्दात नाही, क्रियापदात आहे. व्युत्पत्तीबद्दल माझा अंदाज मुखपट्ट, प चा व झाला, दीपचा दिवा होतो तसा.

रानवारा:
पट्ट कशाला, रानवट, हातवटी यातला जो वट आहे तोच असेल.

जुनंपान:
रानवटमधला वट विशेषण करतो हो, वस्तू नाही करत.

जव्हाराकडचा:
व्युत्पत्तीत शिरण्याआधी मूळ प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते आमच्याकडे तयार आहे. जव्हार मोखाड्याकडे बोहाडा होतो, तिथे लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मोठाले चेहरे घालून रात्रभर देव आणि राक्षस निघतात, आणि त्याला कोणीही मुखवटा म्हणत नाही, त्याला सोंग म्हणतात. 'खंडेरावाचं सोंग निघालं', 'नरसिंहाचं सोंग आलं'. चेहरा, कपडे, हातातलं हत्यार, चाल, संबळाचा ठेका सगळं मिळून सोंग. आणि माणूस नाचत नाही, तो सोंग नाचवतो. तुमचं वाक्य झालं बघा. माझे चुलते रावण नाचवायचे, डोक्याला आधी धोतराचा पिळा गुंडाळायचे मग वर तो चेहरा, दोघं जण दोऱ्या मागे आवळायचे, आणि एकदा तो बसला की आम्ही पोरं त्यांना काका म्हणून हाक मारायची नाही असा दंडक होता. मी एकदा मारली होती हाक, आजीने तिथल्या तिथे तोंडावर हात ठेवला.

शब्दवेडी:
अहो हेच तर हवं होतं! ब्वूमची गोष्ट अगदी अशीच आहे. तो नुसता तोंडावर नसतो, सगळं डोकं आत जातं, हेल्मेटसारखं. एका अख्ख्या लाकडातून कोरलेला, कपाळावर तांब्याचा पत्रा ठोकलेला, डोळ्यांवरून मण्यांची आडवी पट्टी आणि नाकावरून खाली तोंडापर्यंत दुसरी. आणि त्याला बघायला डोळ्यांची भोकंच नसतात! आतला माणूस ब्वूमच्या नाकपुड्यांतून बाहेर बघतो. राफियाच्या (माडासारख्या एका झाडाच्या धाग्यांच्या) झालरी, कापडं, पिसं, हातातली आयुधं हे सगळं मिळूनच ब्वूम होतो, काचेच्या कपाटात ठेवलेला असतो तो त्याचा फक्त वरचा भाग.

तिसरीघंटा:
सोंगाला माझा पूर्ण विरोध. 'सोंग करतोय', 'झोपेचं सोंग', 'दुखण्याचं सोंग', मुखवट्यापेक्षा दसपट ढोंग या शब्दात आहे. पुण्यातला वाचक काय समजेल? आणि राजा स्वतः ज्यात वावरतो त्याला सोंग म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

तळकोकणी:
पुण्यातला वाचक हे मराठीचं माप कधीपासून झालं? आमच्या शिमग्यात संकासूर येतो तेही सोंगच, नमनातला गणपती हेही सोंगच, आणि गणपतीचं सोंग आलं की बायका उठून पाया पडतात. सोंग 'करणं' ढोंग असेल, सोंग 'आणणं' आणि 'नाचवणं' ढोंग नाही. वर जुनंपान यांनी क्रियापदाचं सांगितलंय ना? आमचे मराठीचे सर सांगायचे सोंग म्हणजे स्व आणि अंग, अख्खं अंग त्यात येतं, मुखवट्यात फक्त मुख येतं.

जुनंपान:
स्वांगवरून आलाय हे मान्य, पण त्याचा असा भावार्थ काढणं म्हणजे सरांची हौस.

लाकूडफोड्या:
एक दुरुस्ती, आणि ही महत्त्वाची आहे. 'कोरीव लाकडी' हे तिन्हींना लावू नका. ब्वूम लाकडी, न्गाडी लाकडी. पण म्वाश अम्बोय मुळात लाकडी नाहीच, त्याचा सांगाडा आणि कापड राफियाचं, चेहऱ्यावर बिबट्याचं कातडं, त्यावर कवड्या आणि मणी, लाकडाचे त्यात नाक, कान असे थोडेच भाग. म्हणजे तिघांत सगळ्यात वरचा जो तो सगळ्यात कमी लाकडाचा. हे पाटीवर नीट आलंच पाहिजे, नाहीतर लोक आफ्रिका म्हणजे लाकडी मास्क एवढंच घेऊन घरी जातात.

शब्दवेडी:
धन्यवाद, हे खरंच निसटलं असतं. मी आधीच्या मसुद्यात 'काउरी शिंपले' असंही लिहिलंय.

तळकोकणी:
शिंपले?? शिंपल्याला दोन पाखं असतात, कवडी म्हणजे शिंपला नव्हे. आणि इंग्रजीतला काउरी हा आपल्याच कवडी, कौडीवरून गेलेला शब्द, तो इंग्रजीतून उलटा आणायचा? हिंद महासागरातल्या, मालदीवकडच्या कवड्या व्यापारात पार आफ्रिकेपर्यंत गेल्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ बघितलेल्या कोणालाही ते कातडं लगेच दिसेल. कवड्याच लिहा.

रानवारा:
न्गाडीच्या गालावरच्या रेघांना काय लिहिलंय? डोळ्यांखालून सरळ खाली येतात त्या.

शब्दवेडी:
'अश्रुरेषा'. तिचा चेहरा भर त्रिकोणांनी रंगवलेला असतो आणि डोळ्यांखाली या रेघा, बाईच्या वाट्याला आलेलं दुःख असा अर्थ देतात. नाचवणारा मात्र पुरुषच. दीक्षा झालेला माणूस वारला की त्याच्या अंत्यविधीला हे मास्क निघतात, तिथेही ही असते.

रानवारा:
अश्रुरेषा पाठ्यपुस्तकातलं वाटतं. गालावर सुकून राहतात त्यांना आई ओघळ म्हणायची. रडून झाल्यावर तोंड धू, ओघळ दिसतायत, असं. 'आसवांचे ओघळ' करा.

तिसरीघंटा:
ओघळ मेणाचेही असतात, तेलाचेही. अश्रुरेषा नेमका आहे. सगळंच बोलीत आणायचं म्हणजे भाषांतर नव्हे.

जव्हाराकडचा:
नेमका म्हणजे संस्कृत हे कोणी ठरवलं? चार शब्द बोलीतले आले की लगेच भाषा बाटते का?

लाकूडफोड्या:
कुबा हे नाव तरी त्यांचं कुठे आहे, शेजारच्या लुबा लोकांनी दिलेलं आहे ते, घाटावरच्यांना कोकणात घाटी म्हणतात त्यातलाच प्रकार. राजघराणं ज्यांचं ते स्वतःला बुशोंग म्हणवतात. शब्द त्या त्या माणसांच्या तोंडचा घ्यायचा असेल तर पाटीवर मोठ्या अक्षरात ब्वूम, न्गाडी अम्वाश, म्वाश अम्बोय ही नावंच टाका, मुखवटा की सोंग हे सांगायची गरजच काय? आपण गणपतीच्या खाली 'मूर्ती' लिहितो का?

शब्दवेडी:
नावं मोठी करणार हे नक्की. पण खाली एका ओळीत काहीतरी लागतंच, शाळेची मुलं येणार आहेत. सध्या असं केलंय: "ब्वूम. डोळ्यांना भोकं नाहीत, आतला माणूस नाकपुड्यांतून बघत हे सोंग नाचवतो." वर मथळ्यात अजून मुखवटाच आहे. ओघळ घेतलेत. आणि राफियाला काय म्हणू? माडाच्या जातीचं झाड, कोवळ्या पानांचे धागे काढतात, पुरुष विणतात आणि बायका त्यावर भरतकाम करतात.

तळकोकणी:
वाख?

जव्हाराकडचा:
वाख घायपाताचा असतो.

तळकोकणी:
आमच्याकडे केळीच्या धाग्यालाही वाखच म्हणतात.

जुनंपान:
केळीचं ते सोपट हो.