लाडू वर्तुळ नाही म्हणे, मग गोल म्हणजे काय? आणि वाटोळा?

लातूरची_माय:
नमस्कार मंडळी, प्रश्न येडपटासारखा वाटंल पण दोन दिवस झाले घरात ह्याच्यावरून नुसता गोंधळ चालूय. लेक पाचवीला आहे, गृहपाठ होता घरातल्या वर्तुळाकार वस्तू लिहून आणा, तिनं लिहिलं बांगडी, भाकर, परात, लाडू. बाईंनी बाकी सगळं बरोबर दिलं आणि लाडवावर लाल फुली. पोरगी रडवेली होऊन विचारती लाडू गोल नसतो का, मी म्हणलं असतो की, मग वर्तुळ काहून नाही, आता ह्याला काय सांगावं! तेवढ्यात सासूबाई (माहेर निलंग्याकडचं) चुलीपासून म्हणाल्या, "लाडू वाटुळा ऱ्हातो, त्येला काय इचारायचं." पोरीनं दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं की लाडू वाटोळा असतो, आणि अख्खा वर्ग हसला. पोरांना वाटोळं होणं तेवढंच माहीत. तेव्हापासून ती आजीशी बोलंना.
तर गोल, वर्तुळ, वाटोळा हे एकच का वेगळे? बाईंनी व्याख्या सांगितलीय पण ती माझ्याच डोक्यात बसंना.

निवृत्त_मास्तर:
फुली बरोबर आहे. पण त्या न्यायानं भाकरीवर पण अर्धी फुली पाहिजे होती!
बांगडी हातात घ्या. नुसती कड, मधी मोकळं. ते वर्तुळ, म्हणजे केंद्रापासून सारख्या अंतरावर फिरलेली रेघ, बाकी काही नाही. भाकर आतून भरलेली, ती झाली चकती. प्रश्नात वर्तुळाकार म्हणलंय म्हणून ती चालून गेली. लाडू मात्र वरून बघा, खालून बघा, कडेनं बघा, सारखाच. भूमितीत त्यालाच गोल म्हणतात. तुमची लेक नववी दहावीला गेली की गोल, अर्धगोल, शंकू, वृत्तचिती असे धडेच येतील, तिथं गोल हा शब्द वर्तुळाला वापरला की मार्क गेले समजा. गोलाचं पृष्ठफळ त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या बरोबर चौपट, हे भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत सांगून ठेवलंय, आणि तिथं पण वर्तुळाला वृत्त आणि चेंडूसारख्याला गोल असे वेगळे शब्द आहेत. त्यांच्या ग्रंथातल्या एका भागाचं नावच गोलाध्याय. म्हणून आपण भूगोल म्हणतो, खगोल म्हणतो, भूवर्तुळ कुणी म्हणत नाही.
बोलताना मात्र मी पण बांगडी, भाकर, लाडू तिन्हीला गोलच म्हणतो. घरात कोण भूमिती करत बसतंय.

काळ्या_मातीतला:
मास्तरांचं खरंय पण मला वेगळंच म्हणायचंय. आमी दोन वर्षाखाली वीर खांदली. पंचवीस फुटी वीर म्हणलं की तो व्यास असतो हे सगळ्यांला माहीतच आहे, गड्यानं मधी खुंटी ठोकली, साडेबारा फुटाची दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला पहार धरून फिरला आन फक्की टाकत गेला. ते वर्तुळ, एकदम चोख. मग खाली जाता जाता एका अंगाला मुरूम ढासळला, दुसऱ्या अंगाला असा खडक लागला की तो निघंचना, तसाच ठिवला. वीर झाली, पाणी पण लागलं. पण कडं बांधायला मिस्त्री आला आन टेप लावला तर इकडून पंचवीस आन तिकडून सत्तावीस, म्हणं ही वीर गोल नाही, भाव वाढवून द्या. मी म्हणलं डोळं फुटले का, गोल नाही तर काय चौकोनी हाय? आर्धा तास आमची हुज्जत.
आता वाटतं तो मनातून वर्तुळ म्हणत होता आन मी गोल म्हणत होतो. गोलात दोन फूट इकडं तिकडं चालतंय, कोपरा नसला की झालं गोल. वर्तुळाला टेप लागतो.

सेलूची_शब्दवेडी:
वा, विहिरीचं उदाहरण लई भारी.
वाटोळ्याचं मी सांगते. ताई, तुमच्या सासूबाईंचा शब्द आणि पुस्तकातला शब्द हे एकाच घरातले आहेत. संस्कृत वर्तुल, तो तसाच उचलला तर वर्तुळ, आणि शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात घोळत आला तर वाटोळा. वर्त्म ची जशी वाट झाली तसंच, 'र्त' चा 'ट'. मुळाशी वृत् म्हणजे फिरणं. त्यामुळे लेकीला सांगा, आजी चुकली नाही, फक्त आजीचा शब्द लाडवाला पण चालतो, टोपलीला पण चालतो आणि चेहऱ्याला पण. वर्तुळ शाळेत गेलं आणि तिथं त्याचा अर्थ बारीक झाला.
नासाडीचा अर्थ चिकटला म्हणून आता कुणी वाटोळा चेहरा म्हणत नाही, ऐकणाऱ्याला राग येईल. मला तर ते परीक्षेतल्या भोपळ्यासारखं वाटतं, गोल म्हणजे शून्य, शून्य म्हणजे गेलं सगळं.
आणि उलटं पण बघा, 'राजकीय वर्तुळात चर्चा आहे' असं पेपरात येतं, तिथं गोल घालून बघा बरं. नाहीच बसत. गरगरीत म्हणलं की वांगं नाही तर बाळाचे गाल डोळ्यापुढं येतात, गरगरीत विहीर होत नाही. पोरं कोंडाळं करून बसतात, चंद्राला खळं पडतं. आमच्या जवळ वालूरला बारव आहे, पायऱ्या वळत वळत खाली जातात, तिला चक्राकारच म्हणतात, नुसतं गोल म्हणलं तर ते वळणं शब्दात येत नाही.
रिंगणाची तर गंमतच. वारीत उभं रिंगण पण असतं, समोरासमोर रांगा आणि मधून घोडा. म्हणून दुसऱ्याला मुद्दाम गोल रिंगण म्हणावं लागतं!

देगलूरकर_पोट्टा:
आमच्याकडं शेजारचे तेलुगू बोलणारे लोकं गोलला गुंड्रंगा म्हणतात, आन उदगीरकडचे कन्नड बोलणारे पाहुणे गुंडगे. लहानपणी मला वाटायचं पाण्याचा गुंड तेच्यावरूनच आलाय, शर्टाची गुंडी पण. गुंड पण वाटोळा, गुंडी पण वाटोळी, आता वाटोळा म्हणायला मजा यायली.

लातूरची_माय:
सगळ्यांचे लई आभार. काल रात्री परातीत बांगडी, भाकर आणि लाडू शेजारी ठेवून दाखवलं. बांगडीत बोट घातलं तर आरपार गेलं, भाकरीत गेलं नाही, आणि लाडू परातीतून गडगडत सासूबाईंच्या मांडीपाशी गेला, त्यांनी उचलून पोरीच्या तोंडात घातला, झालं, बोलणं सुरू. वर्तुळ आणि वाटुळा एकाच घरातले हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मंग बाईला सांग की, फुली कामून मारली."
आता पोरीचा नवीन प्रश्न, अंडं कशात बसतं? मी लंबवर्तुळ म्हणलं, बरोबर का?

निवृत्त_मास्तर:
नाही हो. लंबवर्तुळ पण कागदावरची रेघच, पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाट तशी. आणि त्याची दोन्ही टोकं सारखी असतात, अंड्याचं एक टोक निमुळतं. अंड्याला अंडाकृतीच लिहायला सांगा, फुली पडणार नाही.