एडीएचडी सरकारी यादीत आहे, तरी नाशिक जिल्ह्यातलं मूल उपचारापर्यंत का पोचत नाही?

सिडकोवाली (धागाकर्ती):
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात तपासायच्या ३० दोष-आजारांत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, आहे. त्याचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. पण चंचल पोरही अनोळखी डॉक्टरसमोर गुमान उभं राहतं. वजन, दात, डोळे बघून झाले की पुढचा नंबर. एडीएचडी असं सापडत नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची, किमान सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसलेली लागतात. वर्गशिक्षकांशिवाय हे कोण सांगणार?

म्हणून सह्या घेऊन सरकारकडे मागणी करू या: पथक येण्याआधी वर्गशिक्षकांकडून एक पानी प्रश्नावली भरून घ्यावी. आणि सुरगाणा, पेठ, येवल्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरांचा महिन्यातला एक वार पक्का असावा. सुरगाण्याहून मजुरी बुडवून नाशिकला आलेली आई दुसऱ्यांदा येईलच असं नाही.

निफाडचा मास्तर:
ताई, पान भरणार कोण? मतदार यादीचे बीएलओ आम्हीच, खिचडीचा हिशोब आमच्याकडेच, वर आता ही डॉक्टरकी. द्राक्षाच्या हंगामात आईबाप पहाटे बागेत जातात, पोरगं अर्धवट झोपेत, उपाशीपोटी शाळेत येतं. ते चुळबुळ नाही करणार तर काय? तुमच्या पानावर माझा निम्मा वर्ग आजारी ठरेल. आणि एकदा शिक्का बसला की सोयरीक जमवताना लोक तो उकरून काढतात.

सिडकोवाली:
सर, झोप, भूक, नजर, कान आधी तपासायला हवेत, मान्य. ते वेगळं काढायलाच तर डॉक्टर पाहिजे. शिक्का म्हणाल तर 'वाह्यात' आणि 'मठ्ठ' हे आजही बसतात. आणि मुलींचं काय? त्यातल्या बऱ्याच जणी दंगा करत नाहीत, नुसत्या हरवलेल्या असतात. त्यांची तक्रारही कुणी करत नाही.

कॉलेज रोडचा केमिस्ट:
निदान झालं तरी औषधाशी गाडं अडतं. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. त्याला वेगळा परवाना, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. एवढी कटकट थोडेच दुकानदार करतात. पण नियम सैल करा म्हणाल तर माझा विरोध. उत्तेजक औषध आहे, परीक्षा जवळ आली की भलतीच पोरं विचारत येतात. सरकारी रुग्णालयात साठा ठेवा, एवढंच मागा.

पंचवटीकर:
पेठ-सुरगाण्यात कुपोषण आहे, अडलेल्या बाळंतिणीला नाशिक गाठावं लागतं. तिथे एडीएचडी? हे गंगापूर रोडच्या इंग्रजी शाळांचं फॅड आहे. आधी गरोदर बायांचं बघा.

सिडकोवाली:
गंगापूर रोडवाले खाजगीत फी मोजून मोकळे होतात, भाऊ. सरकारी सोय नसली तर अडतं ते पेठचंच पोर. शिवाय सहा वर्षांखालच्या मुलांना पहिल्यांदा गोळ्या देतच नाहीत, आईबापाला मुलाला कसं हाताळायचं ते शिकवतात. त्याला यंत्र लागत नाही, शिकलेला एक माणूस लागतो. बाळंतिणीचा डॉक्टर काढून घ्या असं मी कुठे म्हटलंय?

अजून एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. नुसतं एडीएचडी असलेल्या मुलाने परीक्षेत जादा वेळ कशाच्या आधारावर मागायचा?

निफाडचा मास्तर:
तो मुद्दा बरोबर आहे. तरी पान भरायचं तर आमचं एखादं बिनशिकवणीचं काम कमी करा. आणि पुढे पाठवलेल्या मुलाचं काय झालं ते शाळेला लेखी कळवायची सक्ती मागणीत घाला. तेवढं नसेल तर माझी सही मिळणार नाही.