सेंट्रेलियाला जाण्यात आता काही अर्थ आहे का?

रानवारा
पेनसिल्व्हेनियातलं सेंट्रेलिया, ते जमिनीखाली कोळसा जळतोय ते गाव, तिथे एवढ्यात कुणी जाऊन आलंय का? फिलाडेल्फियाहून शनिवारी जायचा विचार आहे, सोबत आईबाबा आणि आमचे चिरंजीव, वय वर्षे आठ. व्हिडिओत तो भेगा पडलेला, स्प्रेनं रंगवलेला हायवे दिसतो, रस्त्यातून धूर येताना दिसतो, ते सगळं अजून आहे का? आणि सेफ आहे का, कारण बाबांना दमा आहे. नवऱ्याचं म्हणणं, जाऊन-येऊन चार-पाच तास गाडी हाणून गवत बघायचं का. त्याला गप्प करायला मुद्दे हवेत.

मैलाचादगड
नवऱ्याचं ऐका. तो ग्राफिटी हायवे म्हणजे जुना रूट ६१, तो २०२० च्या एप्रिलमध्येच मातीखाली गेला. लॉकडाऊनमध्ये लोकांची तिथे जत्रा भरायला लागली, मग जागेच्या मालकांनी ट्रकच्या ट्रक माती आणून अख्खा पट्टा बुजवून टाकला. खाजगी जागा आहे, आत घुसायचं नाही. धूर म्हणाल तर उन्हाळ्यात शून्य. मी गेलो तेव्हा गाव कधी आलं नि कधी संपलं कळलंच नाही, यू टर्न मारून परत आलो तरी कळेना. व्हिडिओ सगळे जुने आहेत किंवा मग थंडीतले. हॉरर सिनेमासारखं काही दिसेल म्हणून जाणार असाल तर पेट्रोल वाचवा.

खडूफळा
मैलाचादगड म्हणतात ते खरंय, पण अर्धंच. गाव दिसत नाही हेच तर तिथे बघायचंय ना! १८९० साली तिथे २७०० च्या वर लोक राहत होते, १९८० मध्ये साधारण हजार, आणि २०२० च्या जनगणनेत ५. पाच माणसं. आता गाडी एका बाजूला लावून जुन्या गल्ल्यांतून सावकाश चालत जा, रस्ते जागेवर आहेत, फूटपाथच्या कडा आहेत, मध्येच दोन पायऱ्या लागतात आणि त्या चढून वर गेलं की झाडी. एकेका गल्लीत दोन्हीकडे चिकटून चिकटून घरं होती, ती पाडत गेले तशी जी उरली त्यांना शेजारच्या भिंतीचा आधार राहिला नाही, म्हणून बाजूला विटांचे खांब बांधून ती उभी ठेवली होती.

मुलाला आग कशी लागली ते आधी सांगून ठेवा, नाहीतर खरंच कंटाळेल. १९६२ च्या मे महिन्यात स्मशानभूमीजवळच्या एका जुन्या उघड्या खाणीच्या खड्ड्यात गावाचा कचरा टाकायचे, तिथली आग खाली कोळशाच्या थरात शिरली असं साधारण मानतात. खाली जुने बोगदे, म्हणजे आगीला हवा आयतीच. आणि हा कोळसा अँथ्रासाइट, पेटायला महाकठीण पण एकदा पेटला की धुराशिवाय वर्षानुवर्षं धुमसत राहतो, म्हणून तुम्हाला वर धूर कमी आणि वाफच जास्त दिसते. विझवायचे प्रयत्न झाले, पण दरवेळी पैसे अपुरे पडायचे आणि आग पुढे सरकलेली असायची. १९८१ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाच्या पायाखालची जमीनच खचली, झाडाचं मूळ धरून लोंबकळत राहिला म्हणून वाचला. त्यानंतर मग सगळे खडबडून जागे झाले. १९८३ च्या सरकारी अभ्यासात पूर्ण आग खणून काढायचा खर्च ६६.३ कोटी डॉलरपर्यंत निघाला, आणि लोकांना हलवायला १९८४ मध्ये मंजूर झाले ४.२ कोटी. हिशेब कुणीकडे झुकला ते दिसतंच आहे. १९९२ मध्ये राज्याने उरलेली सगळी घरं ताब्यात घेतली, २००२ मध्ये पिन कोडसुद्धा काढून घेतला. तरी काहीजण हलले नाहीत, कोर्टात भांडत राहिले आणि २०१३ मध्ये तडजोड होऊन त्यांना हयात असेपर्यंत राहायची परवानगी मिळाली.

म्हणून एक विनंती, जी घरं दिसतील त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढू नका. ती माणसं प्रदर्शनात ठेवलेली नाहीत. तिथे जाणारे पर्यटक इतके कसे निर्लज्ज होतात कळत नाही.

रानवारा
अरे वा, खडूफळा, एवढं माहीत नव्हतं. जाणारच आता. पण दम्याचं काय? आणि आईला चढ झेपत नाही.

पाटीवरचाकोळसा
ताई, डांबरी रस्त्यावरून फिरलात तर मोकळ्या हवेत सहसा त्रास होत नाही, पण जिथे जमिनीतून वाफ येताना दिसेल तिथून लांब राहा, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. धोक्याच्या पाट्या लावल्यात त्या उगाच नाहीत, जमीन आतून पोकळ असू शकते, त्यामुळे मुलाला झाडीत सोडू नका. बाबांसाठी डॉक्टरना एकदा विचाराच.

आईंसाठी टेकडीवरचं युक्रेनियन चर्च, पांढरं, निळ्या घुमटांचं. गाडी थेट वर जाते. खाली पक्का खडक निघाला म्हणून ते पाडलं नाही, आणि रविवारी तिथे अजून प्रार्थना होते. गाव सोडून गेलेले लोक बाहेरून येतात. तिथून खाली बघितलं की गाव केवढं होतं त्याचा अंदाज येतो.

मुलासाठी मात्र अ‍ॅशलंडला जा, अगदी जवळ आहे. तिथल्या पायोनियर टनेलमध्ये खाणीच्या छोट्या गाडीत बसवून डोंगराच्या पोटात साधारण १८०० फूट आत नेतात, गाइड छान समजावतात. आत बारा महिने ११ अंशाच्या आसपास गारठा, त्यामुळे स्वेटर घ्या, बाबांचं मात्र तिथेच बघून ठरवा. थंडीत बंद असतं, जायच्या आधी वेळ बघा. म्हणजे गंमतच आहे, वाफ बघायची तर थंडीत जायला हवं आणि टनेल बघायचा तर उन्हाळ्यात. मुलगा सोबत आहे तर मी टनेल निवडीन.

अजून वेळ असेल तर एकली मायनर्स व्हिलेज, तेही कोळसा खाणवाल्यांचंच गाव, १८५४ चं, पण ते म्युझियम म्हणून जपलंय, कामगारांची लाकडी घरं रांगेत उभी आहेत. तिथला मोठा काळा ब्रेकर, म्हणजे कोळसा फोडायचा कारखाना, बघून भुलू नका, तो सिनेमाच्या शूटिंगसाठी बांधलेला सेट आहे.

मैलाचादगड
टनेलचं मान्य. तिथे मीही गेलो असतो तर शिव्या घातल्या नसत्या. रानवारा, अ‍ॅशलंडहून सेंट्रेलियाकडे जाताना नवीन रूट ६१ ला वळण लागतं, तिथून पुढे वेग कमी ठेवा आणि डावी-उजवीकडे मोकळे रस्ते दिसायला लागले की तेच गाव समजा, पाटी शोधत बसू नका.