जॅक होता, तरी चाक बदलता येईना : तुमचेही अनुभव लिहा

खडकवाट :
काल माळा आवरताना जुना कात्री जॅक सापडला. स्क्रूच्या आट्यांत वाळू अजून तशीच. हातात घेतला आणि ती रात्र डोळ्यांसमोर उभी राहिली.

गाडी फोर बाय फोर. नुकतेच ३३ इंची टायर घातले होते, सस्पेन्शनही २ इंच उचललेलं. नदीच्या कोरड्या पात्रात मागचा टायर दगडाच्या धारेने बाजूला कापला गेला. बाजूच्या भिंतीला प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी) टिकत नाही, म्हणजे चाक बदलणं आलंच. गाडीसोबत मिळालेला जॅक चॅसीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) लावून फिरवत राहिलो. जॅक संपला, गाडीचं अंग वर गेलं आणि चाक जमिनीवरच! स्प्रिंग मोकळी होत गेली नि चाकं जोडणारा आडवा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल खाली लोंबत राहिला. मग अ‍ॅक्सलखाली लावला, तर जॅकचं बूड वाळूत रुतायला लागलं. बाबा बरोबर होते. त्यांनी मागच्या सीटखालची फळी उपसून बुडाखाली सरकवली. पंक्चर चाक निघालं, पण भरलेली स्टेपनी बसेना. दोन बोटं उंची कमी पडत होती. जॅक शेवटच्या आट्यावर. शेवटी बाबा म्हणाले, "गाडी वर जात नाही ना, मग जमीन खाली ने." दोघांनी हातांनी वाळू उकरली आणि चाक त्या खड्ड्यातून स्टडवर (नट बसतात त्या बोल्टांवर) चढवलं.

तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं. जॅक किती टनांचा हे नंतर बघा, आधी दोन उंच्या मोजा. टायरची हवा पूर्ण काढून अ‍ॅक्सलच्या खालची उंची, आणि भरलेल्या टायरवरची उंची. माझ्या गाडीत या २७ आणि ३६ सेंमी निघाल्या. मिटलेला जॅक फळीसकट २७ च्या आत बसला पाहिजे आणि उघडल्यावर ३६ च्या पुढे चांगला ४-५ सेंमी गेला पाहिजे, कारण अधांतरी टायर दबलेला नसतो, त्याला जास्त जागा लागते. आता स्क्रूचं डोकं असलेला बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर चालणारा) वापरतो, मिटून २२ सेंमी.

तुमचं काय काय झालंय, लिहा.

रानपाखरू :
"जमीन खाली ने" 👌 बाबांना नमस्कार सांगा.
आमच्याकडे उलटं झालं. हवा जाऊन टायर बसल्यावर बॉटल जॅक अ‍ॅक्सलखाली शिरेचना. नवऱ्याने चपटा दगड ठेवला, मी सावकाश गाडी मागे घेऊन पंक्चर चाक त्यावर चढवलं, मग जॅक आरामात गेला. बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते.

चिखल्या :
फळी फळी फळी. १ फूट बाय १ फूट, जाड प्लायवूड. जॅक विसरलात तर दुसऱ्या गाडीवाल्याचा मिळेल, फळी कुणाकडेच नसते.

डोंगरमाथा :
हाय-लिफ्टबद्दल लिहितो, म्हणजे उंच लोखंडी पट्टीवर दांड्याने टप्प्याटप्प्याने चढणारा जॅक. अमेरिकेत १९०५ पासून बनतो, शेतात कुंपणाचे खांब उपटण्यापासून सगळ्याला वापरतात, ४८ आणि ६० इंची मिळतो. दिसायला रुबाबदार म्हणून मीही घेतला. उंची भरपूर, पण तो गाडीला बंपरवर नाहीतर साइडच्या लोखंडी पट्टीवर पकडतो. प्लास्टिकचा बंपर असेल तर विसरा. आणि बंपर उचललात की खडकवाट म्हणतात तेच, अ‍ॅक्सल लोंबतो. मी अ‍ॅक्सल पट्ट्याने चॅसीला आवळून बांधतो, मग उचलतो, तेव्हा चाक लगेच सुटतं.

आता महत्त्वाचं. गाडी उतरवताना हँडल हातातून निसटलं. टक्-टक्-टक् करत दांडा आपोआप वर-खाली आपटत सुटला आणि गाडी पूर्ण खाली येईपर्यंत थांबला नाही. माझी हनुवटी एका वितीने वाचली. ज्याला त्याला सांगतो, दांड्याच्या रेषेत तोंड आणायचं नाही, दोन्ही हातांनी धरायचा, आणि वापर नसेल तेव्हा दांडा उभा करून अडकवून ठेवायचा. त्यातल्या दोन पिना धुळीने अडकतात, त्या धुऊन हलकं तेल द्यावं. मी आता चाक बदलायला बॉटल जॅकच वापरतो, हाय-लिफ्ट चिखलातून गाडी काढायला.

रानपाखरू :
बापरे! हनुवटी जपा दादा.

साधा_माणूस :
हे सगळं ठीक, पण आधी पंक्चर किट आणि हवेचा कॉम्प्रेसर ठेवा की. टायरच्या मधल्या भागातला खिळा चाक न काढता प्लग होतो. माझे पाचपैकी चार पंक्चर असेच निभावले, जॅक काढावाच लागला नाही.

चिखल्या :
कॉम्प्रेसर कुठला वापरता? माझा दोन टायरनंतर तापून बंद पडतो.

साधा_माणूस :
लायटरच्या सॉकेटवरून नका घेऊ, क्लिपा थेट बॅटरीला लावायचा घ्या. आणि इंजिन चालू ठेवा. मोठ्या टायरला त्या लहान सॉकेटचा करंट पुरत नाही.

घाटवळण :
माझा अनुभव जॅकचा नाही, हँडब्रेकचा. पण वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो.
मागचं चाक उचललं आणि गाडी जॅकवरून पुढे सरकली. हँडब्रेक ओढलेला होता, गिअर टाकलेला होता! नंतर एका जुन्या मेकॅनिक काकांनी समजावलं. काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर (इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) असतो. शाफ्ट अडवला तरी मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरसंच) मोकळा असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. म्हणजे मागच्या बाजूला ब्रेक उरतच नाही. गिअरचंही तेच.
उपाय : फोर व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाका, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधला डिफ लॉक असेल तर लावा, म्हणजे पुढची चाकंही धरून ठेवतात. आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. माझं काढलेलं चाक मी आडवं करून गाडीखाली सरकवलं होतं, गाडी त्याच्यावरच बसली. म्हणून आज हे टाइप करतोय.

खडकवाट :
घाटवळण, अंगावर काटा आला. काढलेलं चाक गाडीखाली, हे मी माझ्या मूळ लेखात लिहायलाच हवं होतं.

डोंगरमाथा :
बरोबर आहे. जुन्या लँड रोव्हर सिरीज आणि डिफेंडरची रचना तशीच असते. त्या गाड्यांवर शिकलेले लोक दगड लावल्याशिवाय नटला हात लावत नाहीत.

वाळूघड्याळ :
एक्झॉस्टवर (सायलेन्सरच्या धुरावर) फुगणारा एअर जॅक, म्हणजे रबरी फुगा, कुणी वापरलाय का? वाळूत घ्यायचा विचार आहे.

रानपाखरू :
(बाळ झोपलं.) माझ्या भावाकडे आहे, दोनदा वापरलाय. वाळूत फार छान, बूड रुंद असल्यामुळे रुततच नाही. फक्त वर-खाली जाड चटई हवीच. खाली काटे-दगड आणि वर गाडीच्या तळाच्या लोखंडी कडा, दोन्ही रबर फाडतात. गरम सायलेन्सरजवळ लावायचा नाही. आणि गाडी त्यावर डुलते! फुग्यावरच गाडी ठेवून चाक काढायचं धाडस मी करणार नाही, वर गेली की अ‍ॅक्सलखाली दुसरा आधार द्यायचा. सायलेन्सर गंजून भोकं पडलेला असेल तर फुगतच नाही, हेही बघा.

वाळूघड्याळ :
धन्यवाद ताई. सायलेन्सर बघतो 😀 पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट (प्रत्येक चाकाचं वेगळं) आहे, तिथे अ‍ॅक्सलच नाही. जॅक कुठे लावायचा?

खडकवाट :
खालच्या कंट्रोल आर्मखाली (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याखाली), चाकाच्या जितकं जवळ जमेल तितकं. गाडीच्या पुस्तकात जागा दाखवलेली असते, तीच धरा. डोकं वाटीसारखं किंवा खाचेचं असेल तर घसरत नाही.

जुनीगाडी :
माझा बॉटल जॅक तीन वर्षं डिकीत आडवा पडून होता. गरज पडली तेव्हा वर येईना, नुसता दांडा मऊ मऊ. डिकीतल्या कापडाला हात लावला तर सगळं तेलाने चिकट. सील झिरपलं होतं. आता उभा बांधून ठेवतो, व्हॉल्व्ह बंद करून, आणि तीन महिन्यांतून एकदा घराबाहेर गाडी उचलून बघतो.

सावली :
मला जॅकपेक्षा चाकाचा धाक! ३३ इंची स्टेपनी लोखंडी रिमसकट मला उचलत नाही. कुणी तरी युक्ती सांगा.

डोंगरमाथा :
फावडं! पातं चाकाखाली सरकवा, दांड्यावर पाय द्या, चाक तरफेने वर येतं. एका हाताने फिरवून भोकं स्टडसमोर आणायची. गाडी फार उंच उचलू नका, चाक जमिनीपासून बोटभरच वर हवं.

सावली :
आत्ताच करून पाहिलं, अंगणात. जमलं!! पहिल्यांदा जमलं. दोन उंच्याही मोजल्या, माझ्या २५ आणि ३४. जॅक मिटून २६ चा आहे 😟 म्हणजे शिरणारच नाही ना?

खडकवाट :
नाही शिरणार, फळीसकट तर नाहीच. बुटका बघा, २१-२२ चा. तोवर रानपाखरू म्हणतात तसा चपटा दगड नाहीतर एक ठोकळा गाडीत टाका.

सावली :
ठोकळा मिळाला. किती जाड हवा, मोजून सांगा ना.